चार नमुन्यांचं गणित

थोडक्या आकड्यांच्या सरासरीवर किती भरवसा ठेवावा हे सांगणाऱ्या टी-टेस्टचा जन्म बिअरच्या कारखान्यात झाला, हा किस्सा संख्याशास्त्राचे प्राध्यापक वर्गात हमखास सांगतात. मुलं हसतात आणि फळ्यावर सूत्र येतं. हे गणित विद्यापीठात न सुचता बिअरच्या कारखान्यातच का सुचलं, हा प्रश्न मात्र त्या हशात राहून जातो.

विल्यम सीली गॉसेट 1899 साली डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरीला लागला. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकलेला तरुण. असे पदवीधर कंपनी तेव्हा मुद्दाम नेमत होती. बार्ली, हॉप्स, यीस्ट यांची पारख अनुभवी नाकाडोळ्यांवर सोडायची तिची तयारी उरली नव्हती. पण मोजायचं म्हटलं की आकडे पुरत नसत. बार्लीचं पीक वर्षातून एकदाच येणार, नव्या वाणाची चाचणी मोजक्याच शेतांत होणार आणि प्रयोगशाळेतल्या प्रत्येक मोजणीला वेळ आणि पैसा लागणार. 1904 साली गॉसेटने कंपनीसाठी एक अंतर्गत अहवाल लिहिला. माल्टमधून किती अर्क उतरतो हे दहास एक इतक्या खात्रीने सांगायचं तर किमान चार मोजण्यांची सरासरी घ्यावी, असा हिशेब त्याने मांडला. चारच का? कारण कंपनीचं काम तेवढ्या खात्रीवर भागत होतं.

त्या काळी संख्याशास्त्राची गादी लंडनला, कार्ल पिअर्सनकडे होती. पिअर्सनचा सगळा व्यवहार घाऊक: शेकड्यांनी, हजारांनी मापं घ्यायची. थोडक्या आकड्यांची चिंता त्याला कधी पडलीच नाही. तरी 1906-07 मध्ये त्याने गॉसेटला आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

आकडे चारच असले की सरासरी डळमळीत असते, एवढं कुणालाही कळतं. गॉसेटने त्यापुढची अडचण हेरली. आकडे किती विखुरलेले आहेत याचा अंदाजही त्याच चारांवरून बांधायचा असतो, आणि तोही तितकाच डळमळीत. योगायोगाने चारही जवळजवळ पडले, तर माणूस नको इतका निर्धास्त होतो. हा धोका नेमका किती, याचं सूत्र त्याने मांडलं. सिद्धतेत फट होती, म्हणून पडताळा हवा होता. 3000 गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी आधीच छापून आलेली होती. गॉसेटने ती मापं पुठ्ठ्याच्या 3000 तुकड्यांवर लिहिली, तुकडे पत्त्यांसारखे पिसले आणि चार-चारांचे 750 नमुने काढले. संगणक नव्हता, म्हणून पुठ्ठा. जुळणी समाधानकारक निघाली.

1908 मध्ये पिअर्सनच्याच ‘बायोमेट्रिका’त निबंध छापून आला, पण लेखकाचं नाव होतं ‘स्टुडंट’. नोकरांनी स्वतःच्या नावाने शोध छापायला कंपनीची मनाई होती. गंमत म्हणजे निबंधातलं गाजलेलं उदाहरण बिअरचं नाहीच. ते झोपेच्या औषधांचं आहे: दहा रुग्ण, दोन औषधं आणि वाढलेल्या झोपेत सरासरी 1.58 तासांचा फरक. म्हणजे कारखान्यातलं गणित पहिल्याच निबंधात दवाखान्यात शिरलं होतं.

निबंध बरीच वर्षं पडून राहिला. रोनाल्ड फिशरने त्याची काटेकोर सिद्धता दिली, सूत्राला आजचं ‘टी’चं रूप दिलं आणि 1925 च्या आपल्या पुस्तकातून तक्ते शेतीपासून वैद्यकापर्यंत सगळ्यांच्या हाती पोचवले. तक्त्यात अज्ञानाची किंमत थेट वाचता येते. अमाप आकडे असतील तर पाच टक्क्यांची रेषा, म्हणजे निव्वळ योगायोगाने शंभरात पाचदाच ओलांडली जाईल अशी मर्यादा, 1.96 वर, दहा रुग्ण असतील तर 2.262, चारच मोजण्या असतील तर 3.182, आणि दोनच असतील तर थेट 12.706.

इथेच काहीतरी निसटलं, असं मला वाटतं. गॉसेटसाठी ‘किती नमुने पुरे’ हा खर्चाचा आणि नुकसानीचा प्रश्न होता. पुढे अनेक विषयांत पाच टक्क्यांची रेषा दारावरचा पहारेकरी झाली. पलीकडे गेलात तर निबंध छापणार, नाहीतर नाही. 1971 मध्ये टव्हर्स्की आणि कानेमन या संशोधकांनी दाखवलं, की संख्याशास्त्र जाणणारे मानसशास्त्रज्ञसुद्धा छोट्या नमुन्यावर भलताच भरवसा टाकतात. आणि जिचे दोनच बोलणारे उरलेत अशा भाषेच्या अभ्यासकाने नमुना वाढवायचा तरी कुठून? त्याला हा तक्ता काय कामाचा!

छोट्या नमुन्यांशी झुंजणाऱ्यांच्या या कुळात एक मराठी नावही आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे लंडनला शिकून आले आणि 1938 मध्ये त्यांनी ‘संख्या’ या नियतकालिकात या तक्त्याच्या एका अवघड भावंडाचे आकडे सिद्ध केले: दोन छोटे नमुने, दोन्हींचा विखुरलेपणा वेगळा, तर तुलना कशी करायची? पुढे पीक-कापणीच्या पाहण्या करताना त्यांना वेगळीच खोड सापडली. कापणीसाठी आखलेला तुकडा फार लहान असला, की मोजणारा कडेवरची रोपं आत धरतो आणि उतारा फुगतो. असे हजार तुकडे कापले तरी ती चूक हटत नाही, कारण ती योगायोगाची नाहीच. लहान तुकड्यांचे पुरस्कर्ते होते संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस, आणि दोघांचा त्यावरून चांगलाच वाद झाला.