नळी, फुगा आणि जाळी

माणसाच्या हृदयापर्यंत नळी नेऊन ती चित्रात टिपण्याचा प्रयोग 1929 साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे येथील रुग्णालयात झाला. वरिष्ठांची मनाई असतानाही वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांनी मूत्रमार्गासाठीची लवचीक नळी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून आत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत क्ष-किरण विभाग गाठला. नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात दिसले. कौतुक दूरच, पुढे ते मूत्रविकारांकडे वळले. 1956 चे नोबेल मात्र त्यांना मिळाले, आणखी दोघांसोबत.

1964 साली अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी पायाची चोंदलेली धमनी नळ्यांनी मोकळी केली. तोच धागा पकडून आंद्रेआस ग्रुएंट्झिग यांनी झुरिकमध्ये, घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, नळीला फुगा जोडला. 16 सप्टेंबर 1977 रोजी त्यांनी छाती न उघडता हृदयाची धमनी रुंदावली. पण ती पुन्हा आक्रसे. म्हणून 1986 पासून तिथे धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसू लागली.

हृदयाच्या तुलनेत मेंदूची धमनी गुठळीने बंद पडल्यावर होणाऱ्या पक्षाघाताच्या उपचारांची वाटचाल फारच संथ. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या तीन तासांत उपयोगी पडते, हे 1995 मध्ये दिसले. नळीने गुठळी ओढून काढण्याचा लाभ ठामपणे सिद्ध व्हायला 2015 उजाडले. 2018 च्या चाचण्यांनी निवडक रुग्णांसाठी नळीने गुठळी काढण्याची मुदत 24 तासांपर्यंत वाढवली.

पुन्हा हृदयाकडे वळू: भारतात फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमतींना लगाम घातला: औषधाचा लेप असलेला 29,600 रुपये, साधा 7,260.