मॉरिस यांचा ‘गोल्डन’ टाइप

१५ नोव्हेंबर १८८८ रोजीं लंडनमध्यें एमरी वॉकर यांचें मुद्रणकलेवर व्याख्यान झालें. जादूच्या कंदिलानें त्यांनीं पंधराव्या शतकांतील छापील अक्षरें मूळच्या कितीतरी पट मोठीं करून पडद्यावर दाखविलीं. श्रोत्यांत विल्यम मॉरिस होते. कवि, नक्षीकार आणि समाजवादाचे प्रचारक म्हणून तोंपर्यंत त्यांचें नांव झालें होतें. छापखान्याचे धनी मात्र ते नव्हते. त्याच रात्रीं घरीं परततांना त्यांनीं नवा टाइप पाडण्याची गोष्ट वॉकर यांच्याजवळ काढली, असें सांगतात.

रोमन अक्षराच्या दांड्याला टोकाशीं जी लहानशी आडवी रेघ फुटलेली असते, तिला इंग्रजींत ‘सेरिफ’ म्हणतात. बोदोनी व दिदो यांच्या वळणाचा जो टाइप त्या शतकांत रूढ झाला, त्यांत ही रेघ केसासारखी बारीक आणि दांडा एकदम जाड असे. पृष्ठ दुरून झळाळे, पण वाचणाऱ्याचे डोळे शिणत. शिवाय जागेच्या काटकसरीसाठीं अक्षरें दोन्ही बाजूंनीं दाबून अरुंद केलेलीं. व्यापाराच्या सोयीसाठीं वाचकाला दिलेली ही शिक्षा मॉरिस यांना खपेना.

उपाय त्यांनीं व्हेनिसच्या निकोलस जेन्सनकडे शोधला. जेन्सननें १४७६ सालीं छापलेल्या प्लिनीच्या ग्रंथाचीं छायाचित्रें वॉकर यांनीं मोठीं करून दिलीं. मॉरिस तीं पुनःपुन्हां गिरवीत. वळण हातांत मुरल्यावर नमुना बाजूस सारून स्वतःचीं अक्षरें काढीत, आणि तीं लहान करून पाहात. पोलादी ठसे एडवर्ड प्रिन्स यांनीं कोरले. टाइपाला ‘गोल्डन’ हें नांव मिळालें तें ‘गोल्डन लेजंड’ या जुन्या ग्रंथावरून. सोन्याचा येथें संबंध नाहीं. तो ग्रंथ निघाला १८९२ मध्यें. त्यापूर्वीं, १८९१ सालीं, मॉरिस यांचीच एक कथा या टाइपांत छापून बाहेर पडली.

हें अक्षर जेन्सनचें खरें, पण जेन्सनहून बरेंच काळें. सेरिफ विटेसारखे जाड, ‘ई’ची मधली रेघ तिरपी, एकंदर झोंक गॉथिक वळणाकडे, ही गोष्ट मॉरिस यांनीं स्वतःही मान्य केली होती. हातानें केलेला कागद, दाट शाई आणि भोंवतालची लांकडी ठशांची वेलबुट्टी यांच्या संगतींत तें अक्षर शोभतें. ती संगत काढून घेतली, तर तें जडच वाटतें.

आणि ती संगत महाग होती. १८९६ सालचा त्यांचा चॉसर, अर्थात् दुसऱ्या टाइपांतला, वीस पौंडांस विकला गेला. समाजवाद्याच्या छापखान्यांतील पुस्तक मजुराच्या हातीं पडणें शक्य नव्हतें. उलट, ज्या बाजारावर त्यांचा रोष होता त्यानेंच अक्षर उचललें: १८९३ च्या सुमारास बॉस्टनच्या एका ओतशाळेनें तसल्याच वळणाचा टाइप ‘जेन्सन’ नांवानें विक्रीस काढला, आणि अमेरिकेंत तो जाहिरातींवर झळकूं लागला.

मॉरिस १८९६ मध्यें वारले. १९०० सालीं वॉकर यांनीं एका भागीदारासह डव्हज् छापखाना काढला. नमुना पुन्हां जेन्सनच, ठसे कोरणारे पुन्हां प्रिन्सच. पण या वेळीं अक्षर हलकें होतें आणि पानावर वेलबुट्टी नव्हती.