तळटीप : सीडी२८

३. सीडी२८ : लेखकाने हे नाव ओझरते घेतले आहे, पण प्रकरणाचा सारा डोलारा त्यावरच उभा असल्याने थोडे सविस्तर. टी-पेशीच्या पृष्ठभागावरील हे प्रथिन. परके प्रथिन नुसते ओळखून टी-पेशी कामाला लागत नाही. बँकेच्या लॉकरसारख्या इथेही दोन किल्ल्या लागतात: पहिली ओळख पटवणाऱ्या ग्राहीची, दुसरी सीडी२८ची. समोरच्या पेशीवरील सीडी८० किंवा सीडी८६ला ते चिकटले की दुसरी किल्ली फिरते. पहिली फिरून दुसरी फिरलीच नाही, तर ती पेशी बहुधा निष्क्रिय होते. आपलेच शरीर आपल्यावर उलटू नये म्हणून ही खबरदारी फार मोलाची.

मार्च २००६मध्ये लंडनला सहा निरोगी स्वयंसेवकांना टीजीएन१४१२ हे प्रतिद्रव्य टोचले गेले. पहिल्या किल्लीवाचूनच ते सीडी२८ फिरवत असे. माकडांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेचा हा जेमतेम पाचशेवा भाग होता. तरी दीड तासाच्या आत डोकेदुखी, कंबरदुखी, मळमळ सुरू झाली, पुढे अवयव निकामी होऊ लागले. सहाही जण वाचले, पण एकाला बोटे गमवावी लागली. माकडांच्या अनुभवी टी-पेशींवर सीडी२८ उरत नाही, माणसाच्या पेशींवर उरते, हे नंतर उमगले. त्या सहा जणांचे ऋण औषधशास्त्राने विसरू नये, असे मला मनापासून वाटते.

याच सीडी८० व सीडी८६ला अधिक घट्ट धरून पेशीला आवरणाऱ्या सीटीएलए-४विषयी पुढील प्रकरण पाहावे. — संपादक