छापील शब्दाची उलटतपासणी

लिहितावाचता येणे आणि वाचलेले पारखता येणे या दोन गोष्टी आपण बहुधा एकच समजतो. अक्षरओळख झाली की माणूस शहाणा झाला, असा आपला हिशेब. 'छापून आले आहे' एवढे म्हटले की घरातला वाद मिटतो. पण छापील शब्दाने एखाद्या समाजाची अब्रू कशी लुटली जाते, आणि त्याच शब्दाची उलटतपासणी करून ती कशी राखता येते, हे पाहायचे असेल, तर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

आयडा बी. वेल्स ही बाई 1862 साली मिसिसिपी राज्यात गुलाम आईबापांच्या पोटी जन्मली. पुढे ती मेंफिस शहरात शिक्षिका झाली. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांची दुरवस्था तिने वर्तमानपत्रातून मांडली, तेव्हा 1891 साली तिची नोकरी गेली. शाळा गेली, पण शिकवणे काही सुटले नाही.

1892 च्या मार्चमध्ये त्याच शहरात तीन कृष्णवर्णीय दुकानदारांना जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घातल्या. त्यांपैकी टॉमस मॉस हा वेल्सचा स्नेही. या तिघांचा खरा अपराध एवढाच, की त्यांचे किराणा दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या धंद्याला बाधू लागले होते. दक्षिणेतील वृत्तपत्रे मात्र अशा हत्यांचे एक ठराविक कारण देत असत: मेलेला मनुष्य स्त्रियांच्या अब्रूवर घाला घालणारा नराधम होता! हे इतक्या वेळा छापले गेले होते की भले भले लोकही ते खरे मानू लागले होते. मॉसचा खून झाला आणि वेल्सच्या मनात प्रश्न उभा राहिला: हे खरे कशावरून?

तिने गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतील बातम्या व आकडे गोळा केले. आठ वर्षांतील 728 झुंडबळींचा हिशेब मांडला, तेव्हा दिसून आले की स्त्रीवरील अत्याचाराचा नुसता आरोपसुद्धा त्यांतील सुमारे एकतृतीयांश लोकांवरच होता. मग उरलेले कशासाठी मेले? तिने साक्षीदार मुद्दामच विरोधकांच्या गोटातून आणला, म्हणजे अतिशयोक्तीचा आरोप कोणाला करता येऊ नये. ती प्रवासात असताना जमावाने तिच्या पत्राचे कार्यालय उद्ध्वस्त केले. लेखणी मात्र थांबली नाही. 1895 साली 'अ रेड रेकॉर्ड' हे तिचे पुस्तक निघाले. पुलित्झर पारितोषिकाच्या मंडळाने तिचा विशेष गौरव केला तो 2020 साली, मृत्यूनंतर 89 वर्षांनी!

मग पडदा आला. 1915 साली ग्रिफिथचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा मूकपट निघाला. त्यात तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीय खलपुरुष रंगवले आणि कू क्लक्स क्लॅन ही दहशतवादी टोळी तारणहार ठरली. एनएएसीपी या संस्थेने गावोगाव निषेध केला, तरी चित्रपट धो धो चालला. आणि त्याच वर्षी मृतप्राय झालेली क्लॅन पुन्हा उभी राहिली. पडद्यावरचे खोटे पडद्यावर राहत नाही, ते असे.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. 1968 साली कर्नर आयोगाने अमेरिकन वृत्तपत्रांना बजावले होते की, तुम्ही जग गोऱ्यांच्याच नजरेने पाहता आणि तुमच्या कचेऱ्यांत कृष्णवर्णीय पत्रकार नाममात्र आहेत. पुढे 2005 साली न्यू ऑर्लिन्स शहर कॅटरिना वादळाच्या पुरात बुडाले. त्या वेळची दोन छायाचित्रे गाजली. दोन्हींत माणसे छातीइतक्या पाण्यातून दुकानातले जिन्नस घेऊन चाललेली. कृष्णवर्णीय तरुणाच्या चित्राखाली लिहिले होते की त्याने दुकान 'लुटले'. गोऱ्या जोडीच्या चित्राखाली, की त्यांना जिन्नस 'सापडले'! छायाचित्रे दोन वेगळ्या संस्थांची होती, आणि आम्ही जे पाहिले तेच लिहिले, असा खुलासाही झाला. तो खुलासा ऐकणे हाही पारखीचाच भाग आहे. पण वाचकाची नजर त्या एका क्रियापदावर अडखळली पाहिजे, हेच खरे शिक्षण.

आपला यात संबंध काय? जोतीराव फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. दूरच्या त्या दुःखात त्यांना घरचे दुःख दिसले होते. 1920 साली डॉ. आंबेडकरांनी आपल्या पत्राला 'मूकनायक' हे नाव दिले, तेही इतरांनी लिहिलेल्या बातमीत ज्यांचा आवाज उमटत नव्हता त्यांच्यासाठीच.

आज बातमी मोबाइलवर क्षणात येते आणि आपण ती त्याच क्षणी पुढे धाडतो. धाडण्यापूर्वी मेंफिसच्या त्या शिक्षिकेचा धडा मुलांना द्यावा आणि स्वतःही गिरवावा: हे कोण सांगतो, कशावरून सांगतो, आणि ज्याच्याविषयी सांगतो त्याला कोणी विचारले होते काय? एवढे तीन प्रश्न ज्या घरात विचारले जातात, त्या घरातून कोणाची अब्रू फुकट जाणार नाही, असे आम्हांस वाटते.