तीन अक्षरांची पाटी

मागे कुकीजबद्दल लिहिलं होतं तेव्हा दोघातिघांनी विचारलं होतं, की "पासवर्ड लक्षात ठेव" असं सांगितल्यावर ब्राउजर तो नक्की कुठे आणि कसा ठेवतो? उत्तर एका ओळीत देता येतं: तुमच्याच डिस्कवर, कूटबद्ध करून. पण ही ओळ २००८ साली एका अर्थाने खरी होती, २०१० मध्ये दुसर्‍या, २०२० मध्ये तिसर्‍या आणि २०२४ मध्ये चौथ्याच. आणि जुना विदा काही आपोआप नवा होत नाही. तो डिस्कवर तसाच पडून असतो, कुणीतरी येऊन वाचेल म्हणून. म्हणून हा इतिहास लिहायला घेतला. (घरच्या मंडळींनी तांत्रिक परिच्छेद गाळले तरी चालेल, काकूंची गोष्ट मधे आहे ती वाचा.)

सुरुवात मोझिलापासून करू, कारण ते घराणं जुनं. फायरफॉक्सचे पासवर्ड आधी एका साध्या मजकुराच्या फायलीत असत, नाव साइनऑन्स डॉट टीएक्सटी. फाइल उघडली की पहिल्याच ओळीत '#२सी' असं काहीतरी दिसे. ते फायलीच्या रचनेचं आवृत्तीचिन्ह. पुढे फॉर्म कुठल्या पत्त्यावर जाणार आहे हेही साठवायची गरज पडली तेव्हा साइनऑन्स२ आली आणि तिच्या डोक्यावर '#२डी'. मग साइनऑन्स३ आणि '#२ई'. त्यानंतर एसक्यूलाइट, आणि २०१४ पासून लॉगिन्स डॉट जेसन. मला यातली सगळ्यात आवडती खूण म्हणजे '~'. जुन्या फायलीत एखाद्या नोंदीच्या सुरुवातीला हे चिन्ह असेल, तर ती नोंद कूटबद्ध नाहीच, नुसती बेस६४ मध्ये गुंडाळलेली आहे असा अर्थ. म्हणजे दाराला कुलूप नाही, फक्त पडदा आहे. हे इतक्या प्रामाणिकपणे फायलीतच लिहून ठेवलंय याचं मला कौतुक वाटतं.

क्रोम आला २ सप्टेंबर २००८ ला, फक्त विंडोजवर. त्याने स्वतःचं कुलूप बनवायच्या फंदात न पडता विंडोजचंच वापरलं. विंडोज २००० पासून त्यात डीपीएपीआय नावाची सोय आहे: प्रोग्रॅमने माहिती द्यायची, विंडोज ती वापरकर्त्याच्या लॉगिनला बांधलेल्या किल्लीने बंद करून परत देतं. किल्ली सांभाळायची जबाबदारी प्रोग्रॅमवर नाही. झकास. क्रोम हा बंद गठ्ठा जसाच्या तसा पासवर्डच्या रकान्यात टाकत असे. त्यावर स्वतःची पाटी नाही, आवृत्ती नाही, काही नाही. त्या वेळी एकच पद्धत होती, मग पाटी कशाला लावेल कुणी?

आता ती गोष्ट. २०१८ मध्ये आमचे काका गेले. त्यांच्या मेलखात्यात गावच्या जमिनीचे सातबारे, फेरफाराचे उतारे, वकिलांशी झालेला पत्रव्यवहार आणि नातवंडांचे फोटो असा सगळा संसार होता. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बंद झालेला. पासवर्ड काकूंना माहीत नाही, पण लॅपटॉपमधल्या क्रोमला माहीत. पुढच्या वर्षी धाकटा चुलतभाऊ तो लॅपटॉप घेऊन एका दुकानात गेला, कारण विंडोजचाच पासवर्ड कुणाला आठवेना. दुकानदाराने पाच मिनिटांत तो "काढून" दिला. लॅपटॉप सुरू झाला, क्रोम उघडला, आणि साठवलेले पासवर्ड मात्र सगळे गायब.

यात जादू काही नाही. डीपीएपीआयची मूळ किल्ली काकांच्या जुन्या लॉगिन पासवर्डपासून बनलेल्या किल्लीने बंद केलेली असते. माणसाने स्वतः, जुना पासवर्ड देऊन नवा ठेवला तर विंडोज ती किल्ली उघडून नव्याने बंद करतं. बाहेरून जबरदस्तीने बदलला तर विंडोजच्या हातात जुना पासवर्ड नसतोच, मग किल्ली जुन्याच कुलपात अडकून पडते. गठ्ठे सगळे डिस्कवर शाबूत, उघडत मात्र एकही नाही. मी हे फोनवर काकूंना समजावून सांगितलं, "म्हणजे चाव्यांचा जुडगा आत राहिला आणि दार ओढलं गेलं." त्या म्हणाल्या, "मग पुसलं तर नाही ना गेलं? बघते मी." दोन दिवसांनी त्यांनी कालनिर्णयची जुनी कात्रणं चाळून, दुधाच्या हिशोबाशेजारी काकांच्या अक्षरातला एक शब्द शोधून काढला. लॅपटॉपचा पासवर्ड पुन्हा तोच करून ठेवला आणि सगळे गठ्ठे उघडले.

नोंदी साठच्या आसपास होत्या. त्यातली एकच ओळ पाहायची, बाकीच्यांकडे बघायचंही नाही, असं काकूंनी आधीच बजावलं होतं आणि तसंच केलं. माझ्या मते त्या सगळ्या उद्योगातला तो सगळ्यात शहाणा निर्णय होता. ही साधनं चोरही वापरतात. आपल्यात आणि त्यांच्यात तंत्राचा फरक फारसा नसतोच.

असो. २०१० मध्ये क्रोमच्या मॅक आणि लिनक्ससाठी स्थिर आवृत्त्या आल्या. तिथे डीपीएपीआय नाही, म्हणून कुलूप स्वतः बनवावं लागलं आणि इथे पहिल्यांदा पाटी आली. कूटबद्ध माहितीच्या आधी तीन अक्षरं: 'व्ही१०'. मॅकवर एक स्वैर पासवर्ड किचेनमध्ये ठेवायचा, त्यात 'सॉल्टीसॉल्ट' हे मीठ घालून १००३ वेळा घुसळायचं आणि निघालेल्या १२८ बिटांच्या किल्लीने एईएस चालवायचं. सुरुवातीचा सदिश म्हणजे सोळा रिकाम्या जागा, स्पेसबारच्या. (हे वाचून क्रिप्टोग्राफीवाले कपाळावर हात मारतील.) लिनक्सवर किचेन सगळीकडे असेलच असं नाही, म्हणून तिथे पासवर्ड सरळ प्रोग्रॅममध्येच लिहिला: 'पीनट्स'. शेंगदाणे! आणि घुसळण फक्त एकदा. गनोम किंवा केडीईचं किल्लीघर उपलब्ध असेल तेव्हा मात्र खरी किल्ली, आणि पाटी 'व्ही११'. म्हणजे लिनक्सवर व्ही१० दिसलं तर समजायचं की हा शेंगदाण्याच्या टरफलाचा बंदोबस्त आहे.

पाटी नसेल तर काय करायचं, हा प्रश्न त्या लोकांनी कसा सोडवला ते पाहण्यासारखं आहे. मॅकच्या कोडमध्ये तसं टिपण आहे: सुरुवातीला व्ही१० नसेल तर ही जुनी, उघड्या मजकुरात साठवलेली माहिती आहे असं धरा आणि तशीच परत द्या. पण एखादी जुनी माहिती योगायोगाने 'व्ही१०' नेच सुरू होत असेल तर? त्याचंही उत्तर तिथेच आहे. अशी जुनी माहिती म्हणजे क्रेडिट कार्डांचे क्रमांक, आणि क्रमांक अक्षराने सुरू होत नाही. किती साधा, घरगुती युक्तिवाद! पण चोख.

ब्लॉगवाल्या जुन्या मंडळींना हे दुखणं चांगलं ठाऊक असेल. युनिकोड रुळायच्या आधी शिवाजी फाँट, किरण फाँट, श्री-लिपी यांत टंकलेला मजकूर आजही कुणाकुणाच्या सीड्यांवर पडलेला आहे. साध्या टेक्स्ट फायलीत फाँटचं नाव नसतं, त्यामुळे उघडल्यावर रोमन अक्षरांची आणि स्वरचिन्हांची भेळ दिसते, आणि कुठला फाँट असेल याचा अंदाज बांधत बसावं लागतं. पहिल्या ओळीत चार अक्षरं लिहून ठेवली असती तर!

पण पाटी असून भागत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० आला आणि विंडोजवरची पद्धत बदलली. आता प्रत्येक पासवर्ड डीपीएपीआयकडे जात नाही. २५६ बिटांची एकच किल्ली, ती 'लोकल स्टेट' नावाच्या फायलीत, आणि फक्त ती किल्ली डीपीएपीआयने बंद केलेली. तिच्यापुढेही पाटी आहे, 'डीपीएपीआय' हीच पाच अक्षरं. पासवर्ड या किल्लीने एईएस-जीसीएम पद्धतीत बंद होतात: बारा बाइट नॉन्स, मग कूटमजकूर, शेवटी सोळा बाइटांची मोहोर. आणि या सगळ्यापुढे पाटी कुठली लावली? व्ही१०! म्हणजे मॅकवरचं व्ही१०, लिनक्सवरचं व्ही१० आणि विंडोजवरचं व्ही१० या तीन वेगळ्या गोष्टी. एका यंत्रावरून फाइल उचलून दुसर्‍यावर वाचायला बसलात, तर ती कुठल्या गावची हे पाटी सांगत नाही, ते तुम्हाला आधीच माहीत असावं लागतं. तीनच अक्षरं आहेत, चौथं वाढवलं असतं तर काय बिघडलं असतं असं मला नेहमी वाटतं. पण त्यांच्या बाजूने बघितलं तर विंडोजचा क्रोम फक्त विंडोजवरच्याच फायली वाचणार. तिथे दोनच शक्यता: पाटी आहे किंवा नाही. डीपीएपीआयचा गठ्ठा नेहमी ०१ ने सुरू होतो, 'व्ही' ने कधीच नाही. पाटी नसेल तर जुन्या वाटेने जा, एवढं त्यांना पुरलं.

जीसीएमची ती मोहोर मात्र मोठी सोय. जुन्या सीबीसी पद्धतीत किल्ली चुकली तरी साधारण २५६ पैकी एकदा शेवटची भर योगायोगाने बरोबर ठरते आणि प्रोग्रॅम तुम्हाला कचरा हातात देऊन म्हणतो, "घ्या पासवर्ड." मोहोर असली की चूक तिथल्या तिथे कळते. जुना विदा वाचताना "जमलं नाही" हे स्पष्ट कळणं फार मोलाचं, कारण मग दुसरी किल्ली लावून बघता येते.

डीपीएपीआयचा खरा दोष वेगळाच होता. तुमच्या लॉगिनखाली चालणारा कुठलाही प्रोग्रॅम ते गठ्ठे उघडू शकतो, आणि कुकीचोर नेमकं तेच करत. म्हणून जुलै २०२४ मध्ये क्रोम १२७ बरोबर विंडोजवर 'व्ही२०' आलं, आधी कुकीजसाठी. यात किल्ली दुहेरी बंद असते आणि ती उघडायला सिस्टिमच्या अधिकाराने चालणारी सेवा लागते. मागणारा खरोखर क्रोमच आहे ना, हे ती तपासते. गूगलने जाहीर करतानाच सांगितलं होतं, की हे यंत्राला घट्ट बांधलेलं आहे, या यंत्रावरून त्या यंत्रावर फिरणार्‍या प्रोफाइलांना चालणार नाही. चोरांनी त्यावरही तोडगे काढले, त्याच वर्षी. पण एखाद्या घरात पुढे लॅपटॉप मेला आणि नुसती डिस्क उरली, तर व्ही२० च्या नोंदींपुढे कालनिर्णयच्या पानावरचा शब्द एकटा पुरा पडणार नाही. चोराला आडवायची भिंत वारसालाही आडवते. मला अजून ठरवता येत नाही की याला नाव ठेवावं की नाही.

त्याच वर्षी आणखी एक बदल झाला, आणि तो पाटीवर दिसतच नाही. कुकीजच्या कोठाराची आवृत्ती २४ झाली तेव्हापासून कूटबद्ध करण्याआधी कुकीच्या पुढे तिच्या संकेतस्थळाच्या नावाचा एसएचए-२५६ ठसा, बरोबर ३२ बाइट, जोडला जातो. हेतू चांगला: एका संकेतस्थळाची कुकी उचलून दुसर्‍याच्या ओळीत चिकटवली तर पकडली जावी. पण पाटी तीच. किल्ली बरोबर, मोहोर बरोबर, आणि हाती येतात आधी ३२ बाइटांचा गोंधळ आणि मग कुकी. कुकीज वाचणारे कितीतरी प्रोग्रॅम तिथे अडखळले, कारण तो गोंधळ यूटीएफ-८ म्हणून वाचताच येत नाही. इलाज दुसरीकडे होता: त्याच कोठारात 'मेटा' नावाची छोटी सारणी असते, तिच्यात २४ हा आकडा. तो आधी वाचायचा, २४ किंवा पुढचा असेल तर पहिले ३२ बाइट सोडून द्यायचे.

फायरफॉक्सने मात्र एक गोष्ट पहिल्यापासून नीट केली होती. त्याच्या प्रत्येक नोंदीच्या आतच, कूटमजकुराच्या आधी, किल्लीची ओळख आणि वापरलेल्या पद्धतीचा जागतिक क्रमांक लिहिलेला असतो. वर्षानुवर्षं तो क्रमांक ट्रिपल डीईएसचा होता, इतका कायमचा, की तो न वाचता पद्धत गृहीत धरणंच सोपं वाटावं. २०२५ च्या ऑक्टोबरात फायरफॉक्स १४४ ने पासवर्डांसाठी एईएस-२५६ घेतलं. ज्यांचे प्रोग्रॅम तो क्रमांक वाचत होते त्यांना एक फाटा वाढवावा लागला. ज्यांनी गृहीत धरलं होतं त्यांना आधी काय बिघडलं तेच शोधत बसावं लागणार.