मूर्तिजापूरचे दोन फाटे

वऱ्हाडातील मूर्तिजापूर हे स्थानक मुंबई-नागपूर या मुख्य लोहमार्गावर असून, तेथून एके काळी दोन अरुंद रूळमार्ग दोन दिशांना निघत असत. उत्तरेचा फाटा दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट या गावांवरून अचलपूरला जाई आणि आग्नेयेचा कारंजा, दारव्हा या बाजारपेठांवरून यवतमाळला. दोहोंची मिळून लांबी सुमारे १९० किलोमीटर भरते. या मार्गावरच्या प्रवासी गाडीला लोकांनी ‘शकुंतला’ असे लाडके नाव दिले आणि तिच्याविषयीचे बहुतेक लेखन तिच्या संथ चालीच्या आठवणींतच रमले. मार्ग मात्र प्रवाशांसाठी घातलेला नव्हता, तो कापसासाठी घातला होता. आज त्या मार्गाचे पुढे काय करावे हा प्रश्न ज्यांना सोडवायचा आहे, त्यांना कापसाच्या वाहतुकीचा हिशेब आधी समजून घ्यावा लागेल.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला आणि १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, तेव्हा पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीला अचानक जागतिक महत्त्व आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला खरा, पण तो खोऱ्यातून सरळ पुढे गेल्यामुळे कापसाच्या मोठ्या पेठा त्याच्या बाजूला राहिल्या. जलंब ते खामगाव आणि बडनेरा ते अमरावती हे दोन आखूड फाटे १८७० च्या आसपास घालण्यात आले, ते याच अडचणीवर उपाय म्हणून. अचलपूर आणि यवतमाळ यांच्या वाट्याला त्यानंतरची चार दशके बैलबंडीच होती. सरकी काढून रुई मोकळी करणारे जिन आणि त्या रुईच्या घट्ट गाठी बांधणारे प्रेस यांचे कारखाने कारंजा, दर्यापूर, यवतमाळ अशा ठिकाणी उभे राहू लागले, तसतशी ही उणीव अधिकच जाणवू लागली, कारण गाठ बांधली की माल आकाराने लहान होतो आणि त्याला लांबचा प्रवास परवडतो, मात्र ती वेळेवर आगगाडीपर्यंत पोहोचली पाहिजे.

ही उणीव भरून काढण्यासाठी मुंबईच्या किलिक, निक्सन या इंग्रज पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. त्या काळी अशा संस्थांना फाटा-कंपन्या म्हणता येईल असे एक ठरावीक स्वरूप होते: सरकार जमीन विनामूल्य देई, कंपनी भागभांडवल उभारून मार्ग बांधी, गाड्या चालवण्याचे काम शेजारची मोठी रेल्वे करी आणि उत्पन्नाची वाटणी करारात लिहिलेल्या प्रमाणात होई. ठरावीक मुदतीनंतर मार्ग विकत घेण्याचा पर्यायही सरकार अशा करारांत सामान्यतः राखून ठेवत असे. मूर्तिजापूरचे दोन्ही फाटे पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर सुरू झाले आणि पुलगाव ते आर्वी हा सुमारे ३५ किलोमीटरचा तिसरा फाटा त्यानंतर थोड्याच वर्षांत आला. रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर ठेवण्यात आले. अरुंद मार्गाला हलके रूळ पुरतात, वळणे तीव्र ठेवता येतात, भरावाची माती आणि पुलांचा खर्च कमी लागतो. थोड्या भांडवलात लांबचा पल्ला गाठण्याचा तो त्या काळचा शहाणा मार्ग होता.

या स्वस्ताईची किंमत मूर्तिजापुरात मोजावी लागे. मुख्य मार्गाचे रूळ १,६७६ मिलिमीटर अंतराचे असल्यामुळे फाट्यावरचा डबा पुढे मुंबईकडे जाऊच शकत नसे. त्यातील प्रत्येक गाठ हमालांनी उतरवायची, फलाटावरून ओढत न्यायची आणि मोठ्या डब्यात पुन्हा रचायची, अशी दुहेरी भर-उतार तेथे होई. आजची रुईची गाठ १७० किलोंची असते आणि जुन्या गाठी वजनाने याच्या आसपासच्याच होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे एका मालगाडीमागे किती श्रम, किती वेळ आणि आकडे लावून गाठ ओढताना गोणपाट फाटून होणारी किती नासाडी असेल, याची कल्पना येते. बैलबंडीशी स्पर्धा होती तोवर हा खर्च व्यापाऱ्यांनी सोसला. डांबरी सडका झाल्या आणि ट्रक आला, तेव्हा प्रेसच्या दारात एकदा भरलेली गाठ थेट गिरणीच्या दारात उतरू लागली आणि मूर्तिजापूरच्या फलाटावरील सगळा खटाटोप अनावश्यक ठरला. पुढे १९८० च्या दशकापासून भारतीय रेल्वेने एकेका डब्याचा फुटकळ माल मागे टाकून एकाच ठिकाणी भरून एकाच ठिकाणी रिकाम्या होणाऱ्या संपूर्ण मालगाड्यांवर, म्हणजे रेकवर, भर दिला. लहान पेठांच्या मालाला त्या धोरणात जागाच उरली नाही.

तरीही केवळ ट्रकने हा मार्ग मारला, असे म्हणणे अपुरे आहे. १९५१-५२ मध्ये देशातील रेल्वे विभागांत एकवटल्या, पण या फाट्यांची मालकी कंपनीकडेच राहिली आणि गाड्या मध्य रेल्वे चालवत राहिली. दुसऱ्याच्या मालमत्तेवर मोठा खर्च करण्यात चालवणाऱ्याला रस नव्हता आणि गाड्या आपण चालवत नसल्यामुळे मालकालाही नव्हता. परिणामी १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत याच रुळांवर राबत राहिले. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावरील भरावाला सतत गिट्टी आणि दुरुस्ती लागते. ती न मिळाल्याने गाडीचा वेग वर्षानुवर्षे उतरत गेला. अखेरच्या काळात फाटकांवर माणसेही नेमलेली नव्हती. गाडी फाटकाआधी थांबे, तिच्यावरचाच कर्मचारी उतरून फाटक बंद करी, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबे आणि तो फाटक उघडून परत गाडीत चढे. गेल्या दशकात दोन्ही फाट्यांवरील गाड्या थांबल्या, ती या उपेक्षेची परिणती होती.

हे अटळ नव्हते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे याच ७६२ मिलिमीटरच्या मापाची होती आणि कुर्डुवाडी हे तिचे केंद्र होते. ती पुढे एकीकडे लातूरपर्यंत आणि दुसरीकडे पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत वाढली. सरकारने ती १९५४ मध्ये विकत घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत तिचे टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झाले, म्हणजे ती मुख्य मार्गांच्या मापाची झाली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर तहानेने व्याकुळ झाले तेव्हा कोटा येथील कारखान्यात धुऊन स्वच्छ केलेल्या टाक्यांतून मिरजेचे पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला पोहोचली, ती याच जुन्या बार्शी लाइनच्या वाटेने. पहिल्या खेपेत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. रुंदीकरणाच्या प्रस्तावांत या वाहतुकीचा विचार कोणी केला असण्याची शक्यता नाही. परंतु वाट राखली गेली होती, म्हणूनच ती उपयोगी पडली.

मूर्तिजापूरच्या फाट्यांचे खरे धन त्यामुळे जुने इंजिन किंवा गंजलेले रूळ नसून जमिनीचा सलग पट्टा हे आहे. आज अशी पट्टी नव्याने संपादन करायची म्हटले तर शेकडो शेतकऱ्यांच्या जमिनी तोडाव्या लागतील. वारसा म्हणून हौशी पर्यटकांसाठी गाडी पुन्हा सुरू करण्याची कल्पना भावनेला पटणारी असली, तरी कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्री पिकवणाऱ्या मुलखाला तिचा फार थोडा उपयोग आहे, आणि जुन्या मापाचा मार्ग तसाच दुरुस्त केल्यास मूर्तिजापूरची दुहेरी भर-उतारही परत येईल. रुंदीकरणाला पर्याय नाही. मात्र ते सरसकट करण्याची गरज आहे का, हे तपासले पाहिजे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या सुमारे २८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा भाग फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला असून, तो मार्ग पुढे यवतमाळवरून लाडखेड, दारव्ह्याकडे जाणारा आहे. यवतमाळ ते दारव्हा या जुन्या तुकड्याचे काम तो आपसूकच करील. दारव्ह्यापासून कारंजामार्गे मूर्तिजापूरपर्यंतचा तुकडा मात्र नव्या आणि जुन्या मुख्य मार्गांना जोडणारा दुवा ठरू शकतो, आणि ज्या मार्गाची दोन्ही टोके मोठ्या मार्गांना मिळतात तो केवळ स्थानिक मालावर अवलंबून राहत नाही.

अचलपूरच्या फाट्याची अडचण निराळी आहे, कारण पुढे सातपुडा असल्यामुळे तो तेथेच संपतो. पूर्वेस वीस-पंचवीस किलोमीटरवर चांदूर बाजार येथून अमरावती-नरखेड मार्ग जातो आणि त्याच मार्गावरील वरूडहून २०२० मध्ये संत्री घेऊन किसान रेल दिल्लीकडे गेली होती. एवढे अंतर जोडले गेले तर अंजनगाव आणि दर्यापूर यांचा माल नागपूरला वळसा न घालता उत्तरेकडे जाऊ शकेल. हे सारे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत रुळांशेजारच्या जागेची मोजणी करून हद्दीचे दगड नव्याने रोवणे, पुलांची तपासणी करणे आणि गावांच्या वेशीवर वाढत जाणारी अतिक्रमणे थोपवणे एवढे काम अल्प खर्चात करता येते, आणि कारंजा-दारव्हा भागातून त्याची सुरुवात व्हायला हवी.