पाटकऱ्याच्या हाती पाणी

पांझराकाठच्या बागाईतदाराला आपल्याच शेताला पाणी देण्याची मुभा नव्हती. जमीन त्याची, पीक त्याचे, पाट दुरुस्तीत घाम आणि पैसाही त्याचा. पण चारीचे तोंड उघडून वाफ्यात पाणी सोडायचे ते पाटकऱ्यानेच. पाटकरी गावाने नेमलेला, आणि त्याचा मेहनताना सगळ्या बागाईतदारांकडून पिकाच्या रूपात गोळा होणारा. मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणाऱ्या आजच्या शेतकऱ्याला ही रीत जाचक वाटेल. पण साक्री-धुळ्याच्या पट्ट्यात आणि शेजारच्या बागलाणात ती तीन-चारशे वर्षे टिकली. तिला फड पद्धत म्हणतात.

पांझरा साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या डोंगरात उगम पावते. पिंपळनेरवरून येत साक्रीजवळ कान नदीला पोटात घेते, धुळे शहरातून जाते आणि मग उत्तरेला वळून मुडावदला तापीला मिळते. डोंगरात पाऊस चांगला, पण धुळ्याच्या आसपास जेमतेम 500 ते 600 मिलिमीटर. म्हणजे पाणी पडते एकीकडे आणि लागते दुसरीकडे. मधला दुवा नदीच, आणि ती पावसाळ्यानंतर काही महिनेच नीट वाहणारी. अशा नदीवर मोठे धरण बांधण्याची ऐपत गावांकडे नव्हती. त्यांनी पात्रात खडक जिथे वर आला आहे तिथे दगड-चुन्याचे बुटके बंधारे घातले. त्यांचे काम पाणी साठवण्याचे नव्हते, नुसते वळवण्याचे होते. पूर आला की तो डोक्यावरून निघून जाई; बाकीचे दिवस नदीचा थोडा प्रवाह कडेच्या पाटात शिरे. हे पाट दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत लांब. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंत सारंग, आणि जास्तीचे पाणी पुन्हा नदीत सोडणारे सांडवे. परत आलेल्या आणि बंधाऱ्यातून झिरपलेल्या पाण्यावर खालच्या गावाचा बंधारा चाले. मोसम आणि आरम या गिरणेच्या उपनद्यांवरही हेच चित्र होते.

बांधकाम म्हणून यात फार मोठे काही नाही. खरी करामत बंधाऱ्याखालच्या जमिनीच्या मांडणीत होती. पाटाखाली येणारी सगळी जमीन बहुधा चार भागांत वाटलेली. एकेक भाग म्हणजे एक फड. कुठे तो 10 हेक्टरांचा, कुठे 200 हेक्टरांपर्यंत. एका फडात एका हंगामात एकच पीक. यंदा उसाचा फड कोणता, भाताचा कोणता, गहू-हरभऱ्याचा कोणता आणि पडीक कोणता राहणार, हे गाव दरवर्षी बसून ठरवी. नदीत पाणी कमी दिसले तर एखादा फड सरळ वगळायचा. पुढच्या वर्षी फेरपालट. त्यामुळे एकाच जमिनीत वर्षानुवर्षे ऊस उभा राहत नसे. ती खारवण्याचा आणि चिबडण्याचा धोका कमी होई. शिवाय शेजारच्या भाताचे पाणी आपल्या गव्हात झिरपले ही तक्रारच उरत नसे, कारण शेजारीही गहूच.

आणि मालकीचे काय? इथे या पद्धतीचा सगळ्यात चतुर भाग येतो. बहुतेक बागाईतदारांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले असत. एखाद्याची एक पट्टी पाटाच्या तोंडाशी, तर दुसरी शेपटाला. आज शेतीतज्ज्ञ जमिनीच्या तुकड्यांना नावे ठेवतात, आणि नांगर-बैलांच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण पाण्याच्या बाबतीत या विखुरलेपणाने जे साधले ते कोणत्याही दंडाने साधले नसते. वरच्याने पाणी अडवले तर त्याचीच खालची पट्टी वाळणार. एक फड बंद ठेवला तर झळ सगळ्यांना थोडी थोडी लागणार, एकट्यादुकट्याला पूर्ण नाही.

तरीही माणसाच्या मोहावर भरवसा ठेवला नव्हता. म्हणून पाटकरी. तो क्रमाने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाणी देत जाई. शेत पाटलाचे की लहान कुणब्याचे, क्रम तोच. त्याच्यावर देखरेखीला हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या, आणि सगळ्यांवर पंच. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला प्रत्येकाने माणूस द्यायचा, नाहीतर पैसे. पाणी हवे त्याच्या हातात पाणी द्यायचे नाही, आणि ज्याच्या हातात द्यायचे त्याचे पोट सगळ्यांच्या पिकावर अवलंबून ठेवायचे, एवढ्या एका सूत्रावर हा डोलारा उभा होता.

याला रामराज्य म्हणण्याची घाई मात्र करू नये. फडाचे पाणी जमिनीला जोडलेले होते. ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नाही. रात्र रात्र फड राखणाऱ्या जागल्याचा त्या पाण्यावर हक्क नव्हता. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी 1970 च्या दशकात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता कुटुंबातल्या माणसांवर ठरवला आणि भूमिहीनांनाही तो दिला. फडाच्या पंचांना हा विचार सुचला नव्हता.

बंधारे नेमके कोणी बांधले याबद्दल खान्देशात सांगितले जाते ते बहुतेक मुसलमानी अंमलाकडे बोट दाखवणारे. फारुकी घराण्याने थाळनेर आणि मग बुऱ्हाणपूरहून 1370 ते 1601 पर्यंत खान्देशावर राज्य केले; त्यानंतर मोगल आले. तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात 1615 मध्ये अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात इराणी धाटणीचे भुयारी जलमार्ग खोदले गेले, आणि तेव्हाचे बुऱ्हाणपूर खान्देशाचेच. म्हणजे पाण्याची विद्या या प्रदेशाला परकी नव्हती. 1802 मध्ये होळकरी फौजांची लुटालूट आणि पाठोपाठ पडलेला मोठा दुष्काळ यांनी खान्देश उजाड केला. 1818 मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज इंग्रजांचा पहिला अधिकारी म्हणून आला तेव्हा गावेच्या गावे ओस होती. लोक परतले तसे अनेक बंधारे पुन्हा वाहते झाले. फडाचे नियम लोकांच्या चालीत होते, म्हणून ते परत मांडता आले.

इंग्रजांनी 1879 च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने नद्यांचे पाणी सरकारच्या ताब्यात आणले. गावांच्या या जुन्या बंधाऱ्यांना पुढे ‘दुसऱ्या दर्जाची कामे’ असा वर्ग मिळाला आणि हक्कांची नोंद झाली. दर्जा दुसरा असला तरी रीत मोडली नाही, हे इंग्रजांच्या शहाणपणाचे म्हणा किंवा काटकसरीचे.

याच सुमारास एक तरुण अभियंता धुळ्यात आला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले आणि त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक होते साक्री तालुक्यातील दातर्तीजवळ पांझरेच्या एका पात्राखालून पाट नेण्याचे, म्हणजे नळाच्या सायफनचे. पावसाळ्यात वाळू येऊन काम बुजू लागले. काम काही काळ थांबवावे असे त्यांनी कळवले, तेव्हा वरिष्ठांनी शिस्तीची आठवण करून दिली. शेवटी विश्वेश्वरय्यांनी ते पुरे केले. पंधरा वर्षांनी, पुण्यात असताना, त्यांनी नीरा कालव्यासाठी ‘ब्लॉक पद्धत’ मांडली: जमिनीचे गट करायचे, उसाला गटातला ठराविक हिस्सा द्यायचा, पिके फिरवायची, पाणी पाळीने सोडायचे. पांझरेचे फड पाहिलेल्या कोणालाही ही मांडणी ओळखीची वाटेल.

1968 मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने एका गाजलेल्या लेखात मांडले की सामायिक कुरण शेवटी उजाड होते, कारण प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवतो. त्यातून धडा घेतला गेला तो असा, की सामायिक मालमत्ता एकतर सरकारच्या हाती द्या नाहीतर खासगी करून टाका. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या पुस्तकात स्पेनपासून फिलिपाइन्सपर्यंतचे दाखले देऊन तिसरा मार्ग दाखवला आणि 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हद्द स्पष्ट हवी, नियम वापरणाऱ्यांनीच करावेत, राखणदार त्यांना जबाबदार असावा, ही त्यांची सूत्रे फडाला जवळपास ओळीने लागू पडतात. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात पाण्याचे पंच दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात बसून तोंडी निवाडा करतात. युनेस्कोने 2009 मध्ये त्या न्यायसभेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. बालीतल्या भातशेतीच्या ‘सुबक’ नावाच्या पाणीवाटप व्यवस्थेला 2012 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. पांझरेचे पंच अशा यादीत नाहीत. जगापुढे जाण्याच्या आधीच ते घरात मोडकळीला आले होते.

मोडायला कोणी हल्ला केला नाही. स्वातंत्र्यानंतर वरच्या अंगाला धरणे झाली: पिंपळनेरजवळ लाटीपाडा, कान नदीवर मालनगाव, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर. गिरणेवरचे मोठे धरण 1969 चे. साठा झाला हे चांगलेच. पण पाटात पाणी कधी येणार हे आता नदी आणि पंच न ठरवता पाटबंधारे खात्याचे आवर्तन ठरवू लागले. दुसरीकडे विहीर आणि विजेची मोटार आली. ज्याच्या बांधात विहीर, त्याला पाटकऱ्याची वाट पाहण्याचे कारण राहिले नाही, आणि फडातल्या गव्हात त्याचा ऊस उभा राहू लागला. भाडण्याला पांझरा-कान सहकारी साखर कारखाना निघाला तेव्हा उसाला बाजार दाराशी आला. पुढे कारखाना बंद पडला. पाटकऱ्याला धान्य देणारे हात कमी झाले आणि गाळ काढायला माणूस मिळेना. काही गावांत फड अजून चालतात, पण जुन्या कडकपणाने क्वचितच.

जळगाव जिल्ह्यात पाणीवाटपाचा हाच प्रश्न जमिनीखाली गेला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर-यावलच्या केळीबागा भूजलावर उभ्या आहेत, आणि हे दोन्ही तालुके अतिउपशाच्या यादीत आलेले आहेत. ठिबकने एका झाडाचे पाणी वाचले. वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लागली. भूजलाला ना बंधारा दिसतो ना चारी, त्यामुळे कोणाचे पाणी कोण ओढतो हे सांगता येत नाही. शिरपूर तालुक्यात 2004 पासून सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल करून विहिरी भरून दाखवल्या. आवक वाढवण्याचा तो भरीव प्रयोग आहे. वाटपाचे काय, हा प्रश्न त्याने सोडवायला घेतला नव्हता.

कायद्यांनी घेतला. महाराष्ट्राने 2005 मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे देण्याचा कायदा केला: संस्थेला घनमापाने ठराविक पाणी, आतले वाटप तिचे. पीक कोणते घ्यायचे याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला. फडाच्या नेमके उलट, आणि काळ पाहता समजण्यासारखे. भूजलाचा 2009 चा कायदा मात्र अतिउपशाच्या भागात पाण्याच्या हिशेबाने पीक नियोजन सांगतो. म्हणजे यंदा ऊस कुठे आणि किती हे पुन्हा एकत्र बसून ठरवा. रावेरच्या केळीवाल्याला हे सांगायला कोण जाणार, यावर कायदा अडतो.

उन्हाळ्यात गिरणा धरणातून पिण्यासाठी आवर्तन सुटते, अक्कलपाडा धरणातून पांझरेत सुटते. पाणी खाली अमळनेर तालुक्यातल्या गावांपर्यंत, मुडावदपर्यंत पोहोचायचे असते. वाटेत दोन्ही काठांवर मोटारी टपलेल्या. म्हणून काठावरच्या शेतीपंपांची वीज तोडण्याचे आदेश निघतात, पथके फिरतात, मोटारी जप्त होतात, आणि शेपटाची गावे तहसीलदारांकडे निवेदने घेऊन जातात की पाणी अजून आलेले नाही.